समजा, आईचं वय

टक्. दुपारच्या शांततेत थोरलीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. पाळण्यातल्या धाकट्याने दचकून दोन्ही हात उडवले आणि देवाची दया म्हणून तो पुन्हा झोपला. माझ्या वाट्याची चाळीस मिनिटं वाचली. टोक मोडलं होतं ‘समजा’ या शब्दावर.

एखादी गोष्ट माहीत असणं ही मुळात बेशिस्त आहे. ती आपल्याला माहीत नाही असं आधी लेखी कबूल करायचं, तिला ‘क्ष’ म्हणायचं आणि मग सहा ओळी चालून तिच्यापर्यंत पोचायचं, याला शिक्षण म्हणतात. हे एवढं साधं तत्त्व माझ्या थोरलीला, ती अकरा वर्षांची झाली तरी, उमगलेलं नव्हतं. दोष अर्थात घरच्या वळणाचा.

हे सगळं ज्यावरून सुरू झालं ते उदाहरण असं होतं: आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. तर दोघींची आजची वये काढा. (शाब्दिक उदाहरणांतली आई कायम चौपट किंवा तिप्पट असते. ती दमलेली, सर्दी झालेली किंवा नुसतीच बसलेली नसते.)

थोरलीने छताकडे पाहिलं आणि लिहिलं: मुलगी दहा, आई चाळीस.

“कसं काढलंस?” मी विचारलं.

“अगं, दोघींतलं अंतर कधी बदलतं का? आत्ता ते अंतर म्हणजे मुलीची तीन वयं, पाच वर्षांनी मुलीची दोन वयं. दहा त्रिक तीस, पंधरा दुणे तीस. जमलं.”

मला ते इतकं आवडलं की मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हीच माझी चूक. दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईने आलं: पाचपैकी शून्य. पालकांनी भेटावे.

मी भेटले. गणिताच्या बाई अतिशय सज्जन आहेत. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि गुणदानाचा तक्ता दाखवला. ‘समजा’ला एक गुण. ‘दिलेल्या अटीनुसार’ लिहून समीकरण मांडलं की दोन. पक्षांतराला एक. ‘म्हणून’ची तीन टिंबं आणि शेवटच्या ओळीखाली पट्टीने दोन रेघा, मिळून एक.

“आणि उत्तराला?”

“उत्तराला कशाला?” बाई हसल्या. “उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलंच असतं, ताई. त्यात मुलीचं काय कौतुक?”

मी तक्ता त्यांना परत केला. नवी पद्धत आल्यापासून शाळेत बरोबर उत्तरांचं प्रमाण निम्म्यावर आलं असून मांडणीबद्दलचं समाधान एक्क्याण्णव टक्क्यांवर पोचलं आहे, अशी माहिती त्यांनी आपणहून पुरवली. (उरलेले नऊ टक्के पालक त्या दिवशी गैरहजर होते.) शेवटी त्या हळूच म्हणाल्या, “शुक्रवारच्या चाचणीत पुन्हा शून्य आलं, तर तिला आधार गटात बसवावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

आधार गट म्हणजे कच्च्या मुलांचा वर्ग; तो जिन्याखालच्या खोलीत भरतो. तिथे एकदा गेलेलं मूल वर्षभर वर येत नाही, आणि थोरलीची एकुलती एक मैत्रीण वरच राहणार होती. थोरली त्या रात्री जेवली नाही.

घरात सल्लामसलत झाली. सासूबाई म्हणाल्या, “दोन बायकांची वयं काढायला एवढा कागद? त्यांनाच विचारायचं की! आई खोटं सांगेल, पण पोरगी तरी खरं सांगेल.” ह्यांनी बूट काढता काढता निकाल दिला: “बाई सांगतात तसं लिहून मोकळी हो म्हणावं. मी ऑफिसात दुसरं काय करतो?” ह्यांच्या ऑफिसात खिडकीची काच फुटल्यावर प्रथम काच होती असा दाखला घ्यावा लागतो, त्यामुळे ह्यांचा या विषयातला अधिकार मोठा.

मग चार दुपारी, धाकटा झोपला की, मी माझ्या लेकीला माहीत नसल्याचं नाटक शिकवलं.

“पण मला येतंय ना, आई!”

“येतंय ते गिळ. आधी समजा.”

“काय समजू?”

“समजायचं नाही गं, लिहायचं.”

पहिल्या दुपारी ती रडली. दुसऱ्या दुपारी तिने विचारायचं सोडलं. चौथ्या दुपारी छताकडे बघायचंही सोडलं, आणि मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं.

शुक्रवारी नेमकं तेच उदाहरण आलं. थोरलीने मुलीचं वय क्ष मानलं, आईचं चार क्ष. अटीनुसार समीकरण अगदी बिनचूक मांडलं. पुढे कंस सोडवताना आतल्या पाचाला तिनाने गुणायचं राहिलं. पण पक्षांतर झालं, तीन टिंबं पडली, आणि दोन सरळ रेघांवर उत्तर विराजमान झालं: मुलीचे वय शून्य वर्षे, आईचे वय शून्य वर्षे. खाली ताळा: शून्याची चौपट शून्य.

पाचपैकी पाच. गुणाकाराला तक्त्यात जागाच नाही, त्यामुळे कापायला गुणही नव्हते. बाजूला बाईंचा शेरा: मांडणी सुरेख! वही वर्गात फिरवण्यात आली.

घरी आनंद झाला. सासूबाईंनी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. ह्यांनी वहीचा फोटो काढून ऑफिसात पाठवला आणि तिथून अकरा अंगठे आले. मीही वही हातात घेतल्यावर आधी गुण पाहिले आणि उत्तर कितीतरी वेळाने. (वाचकहो, आपण आधी उत्तर पाहिलं असतं, असं आपल्याला वाटत असेल, तर आपलं मूल अजून शाळेत जायचं आहे.)

मी तिला जवळ ओढलं. “वरच बसायचं आता,” म्हटलं, “मैत्रिणीशेजारी.”

तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. मग कानाशी म्हणाली, “आई, शून्य आलं ना, तेव्हाच मला कळलं होतं चुकलंय म्हणून. वेळही होता. खोडायला हवं होतं का गं मी?”