बुधवारचा उपास

साबुदाण्याचा तो दाणा उशीच्या अभ्र्याच्या शिवणीला चिकटला होता. व्यास साधारण चार मिलिमीटर, कडेला काचेसारखा पारदर्शक, मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. शिजून दोनेक तास झाले असावेत, असा अंदाज सिस्टर विमलानं बांधला. मग तिची नजर वर गेली. खाटेच्या दांडीला तिनंच टांगलेल्या पुठ्ठ्यावर तीन ठळक इंग्रजी अक्षरं होती : एन. बी. एम. म्हणजे तोंडानं काहीही द्यायचं नाही. साडेनऊला ऑपरेशन होतं, आणि आता साडेआठ वाजले होते.

"अंजनाबाई, सकाळी काय खाल्लंत?"

"कायच नाय गो," मढहून हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या अंजनाबाई ठणकावून म्हणाल्या. "उपास हाय ना माजा!"

"मग हे काय?"

"तो साबुदाना. उपासाचाच हाय."

डबा विसळत असलेली सून जया लगबगीनं पुढे आली. "मी यांना बोलले ना, सिस्टर, आज बुधवार, म्हावरं खायचा वार, आज कसला उपास? तर म्हणतात, सिस्टरनी सांगितलंय, करायचा. मग कडक केला. खिचडी, बटाटा, दोन पिकलेली केली. मीठपण शेंदेलोणच घातलं!"

"किती वाजता?"

"साडेसहाला. गरमागरम. दोनदा घेतली त्यांनी."

काल संध्याकाळी अंजनाबाईंनी पुठ्ठ्याकडे बोट करून विचारलं होतं, "यो काय लिवलाय?" विमलाच्या हातात तिसऱ्या खाटेचं इंजेक्शन होतं. चालता चालता ती म्हणाली होती, "उद्या सकाळी उपास करायचा." उपाशी राहायचं, पाणीसुद्धा नाही, असं ती एरवी न चुकता सांगायची. काल एवढा एकच शब्द घसरला होता.

भरल्या पोटी भूल दिली तर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. हे विमला झोपेतसुद्धा सांगू शकली असती. आता फक्त डॉक्टरांना सांगायचं होतं. पण गेल्याच सोमवारी तिनं वॉर्डातल्या सगळ्या आयांना उभं करून सुनावलं होतं, "पेशंटशी बोलताना शब्द मोजूनमापून वापरायचा." ते दारातून डॉक्टर पेठ्यांनी ऐकलं, खूश झाले, आणि पार्ल्यातल्या आपल्या या बारा खाटांच्या नर्सिंग होमची इन्चार्ज म्हणून तिचं नाव पक्कं केलं. पत्र आज सहीला होतं.

ऑपरेशन नुसतं पुढे ढकललं तर? त्याला कारण हवं. विमलानं तापाचा तक्ता काढला. पंधरा वर्षांत तिनं एक दशांशसुद्धा मनचा लिहिला नव्हता. १०१ लिहावा तर घरचे घाबरतील, ९९ लिहावा तर डॉक्टर हसतील. बराच विचार करून तिनं १००.२ लिहिलं. ऑपरेशन टळावं एवढा, आणि कुणाची झोप उडू नये एवढाच.

नऊला डॉक्टर आले. तक्ता बघून त्यांनी भुवई वर केली. "सिस्टर, काल नव्हता हा."

"नव्हता," विमला म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

"आईला ताप?" जयाचा चेहरा उतरला. ती भिंतीकडे वळली, हात जोडले आणि गावदेवीला पाच नारळ बोलून मोकळी झाली.

डॉक्टर मात्र चौकस माणूस. ताप आहे तर का आहे, हे कळल्याशिवाय त्यांचा पाय खोलीतून निघेना. त्यांनी घसा बघितला, छाती ऐकली, पोट दाबलं. पोट दाबताना म्हणाले, "वा, बाई चांगल्या पोसलेल्या आहेत." विमलानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी खिशातून स्वतःचं थर्मामीटर काढून अंजनाबाईंच्या जिभेखाली ठेवलं आणि घड्याळ बघायला लागले. विमलानं तोंड मिटलं.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! हे कसं?"

"नारल पावले!" जया म्हणाली.

"नारल नाय, उपास पावला," अंजनाबाईंनी तिला दटावलं. "सिस्टरचा गुण हाय."

डॉक्टरांनी तक्त्याकडे आणि थर्मामीटरकडे आळीपाळीनं पाहिलं. विमलाचा आकडा चुकेल ही शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. उरलं थर्मामीटर, आणि ते धुणारी आया.

"शेवंतीबाई! थर्मामीटर गरम पाण्यात बुडवलंत ना?"

दारात उभी असलेली शेवंती चमकली. "मी? मी हात पन लावूक नाय, डॉक्टर!"

"सोमवारी सिस्टरनी एवढं समजावलं, तरी तुमचं आपलं चालूच. संध्याकाळी येऊन भेटा मला. अशी माणसं मला नकोत."

"सिस्टर, तुमी तरी सांगा ना वो!" शेवंतीचे डोळे भरले.

विमलानं घसा साफ केला. पण ऑपरेशन थिएटरमधून भूलतज्ज्ञ ओरडले, "पेठे, चला लवकर! मला अकराला घाटकोपर गाठायचंय."

"आलो! ताप नाहीच, मग थांबायचं कशाला? घ्या बाईंना आत. उपाशी आहेत ना, सिस्टर?"

"हो तर!" अंजनाबाईंनीच उत्तर दिलं. त्या स्ट्रेचरवर उत्साहानं आडव्या झाल्या. वॉर्डबॉयनं पुढून धरलं. मागची बाजू डोळे पुशीत शेवंतीनं धरली. चाकं कुरकुरली. थिएटरचं दार पंधरा पावलांवर होतं. विमला मोजत निघाली. बारा उरली, मग नऊ. आपण लिहिलेल्या त्या एका आकड्यानं किती माणसं कामाला लावली, याचं तिला नवल वाटलं. गावदेवीसुद्धा सुटली नव्हती. पाच पावलं उरली तेव्हा ती धावत पुढे गेली आणि दारात आडवी उभी राहिली.

"काय झालं, सिस्टर?"

"शेवंतीनं काही केलेलं नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "ताप नव्हताच, तो मी लिहिला. बाईंचं पोट भरलेलं आहे. आणि उपास करा असं त्यांना मीच सांगितलं होतं."