तारेखालचं ताट

या बेटावरचा एकही भुकेला माणूस आपल्या दारावरून उपाशी जाणार नाही, असं क्लेओनीस छातीठोकपणे सांगायची. अडचण एवढीच, की तिच्या दारावरून कोणी जातच नव्हतं!

रॉड्रिग्ज बेटावरच्या एका घळीच्या पोटात, उंचशा टेकाडावर तिचं घर. पूर्वी पायवाट तिच्या अंगणातूनच जायची. मग वर डांबरी रस्ता झाला आणि पायवाटेवर गवत माजलं. नवरा देवाघरी गेला, मुलगी मॉरिशसला नोकरीला गेली, आणि मागे उरल्या क्लेओनीस, तिची जपमाळ आणि एक शेळी. तेव्हापासून तिनं नेम धरला होता. दुपारी चर्चची घंटा झाली की उभ्यानं प्रार्थना म्हणायची आणि लिंबाखालच्या टेबलावर दोन ताटं वाढायची. एक आपलं, दुसरं देव धाडील त्या वाटसरूचं. हे दुसरं ताट फडक्याखाली निवत राहायचं आणि शेवटी शेळीपुढे जायचं. शेळी लग्नघरच्या आचाऱ्यासारखी गुटगुटीत झाली होती!

अशात तिच्या बहिणीच्या मुलानं, देझिरेनं, घळीच्या या कड्यावरून त्या कड्यावर शेजारी शेजारी दोन तारा ताणल्या. पर्यटकाला पट्ट्यांनी बांधायचं, कप्पीला लटकवायचं आणि द्यायचं सोडून!

"तांतीन, माझी तार बघच तू!" तो मावशीला ऐट दाखवायचा. "इकडे डोळे मिटायचे, तिकडे उघडायचे. मधे काही नाही!"

"मधे मी आहे की रे," क्लेओनीस हळूच म्हणाली. पण तो तोवर चढण चढायला लागला होता.

देझिरेच्या तारेत एक खोट होती. मधे तिला झोल होता. जाडजूड माणसं सूं करून पार व्हायची, पण किडकिडीत माणूस समोरून वारा लागला की मधेच अडकायचा. आणि मधे म्हणजे कुठे? क्लेओनीसच्या टेबलाच्या थेट डोक्यावर!

पहिली अडकली ती पॅरिसची एक काडीपैलवान बाई. घंटा नुकतीच थांबली होती. क्लेओनीसनं 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तर वर आकाशात दोन बूट!

"देवा, पाठवलंस खरं," ती हात जोडून म्हणाली, "पण जरा खाली सोडायचं होतंस!"

"वाचवा!" बाई किंचाळली. "कोणाला तरी बोलवा!"

"बोलावते हो. पण आधी चार घास खा. देझिरे आला की जेवू देणार नाही, लगेच ओढून नेईल!"

क्लेओनीसनं पपई काढायचा लांब काठीचा झेला आणला. जाळीत डबा ठेवला: मक्याचा भात, तांबडा राजमा, ऑक्टोपसचा रस्सा. बाईला वाटलं, काठी आपल्याला ओढून घ्यायला दिलीय! तिनं दोन्ही हातांनी ती धरली आणि जिवाच्या आकांतानं खेचली. खालून क्लेओनीस चवड्यांवर आली, डबा उलटा झाला आणि सगळा रस्सा शेळीच्या पाठीवर! पुढचा आठवडाभर शेळी स्वतःचीच पाठ चाटायला गोल गोल फिरत होती.

दुसरा डबा मात्र नीट पोचला. बाई आधी रडत खाऊ लागली, मग नुसतीच खाऊ लागली, आणि मग वरून आवाज आला, "अहो, लोणचं आहे का?"

क्लेओनीसच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कितीतरी वर्षांनी तिच्याकडे कोणी काही मागितलं होतं. ती धावत आत गेली, लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली, तर वर तार नुसतीच हलत होती. देझिरेच्या माणसांनी बाईला घास तोंडात असतानाच ओढून नेलं होतं!

त्या बाईनं बेटभर डांगोरा पिटला. मग काय विचारता! किडकिडीत अडकायचेच, आता जाडजूडही हातमोज्यानं तार दाबून मुद्दाम थांबायला लागले. घंटा झाली की वरून हाका सुरू, "मावशी, रस्सा!"

देझिरे तणतणत खाली आला. "तांतीन, माझी तार आहे ती! तिच्यावर तू खानावळ काढलीस होय?"

"मी कुठे कोणाला थांबवते बाबा? देव थांबवतो."

"देव नाही, ब्रेक थांबवतो, ब्रेक! मागे रांग लागते माझी!"

पण चार दिवसांनी त्याचंच डोकं चाललं. वरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत झळकलं: 'अधांतरी भोजन!' क्लेओनीसला त्यानं मोबदला देऊ केला. तिनं कानांवर हात ठेवले. "नेम आहे रे तो. नेमाचे पैसे घेतात का?"

आता तिच्याकडे रोज पंगत उठत होती. आणि तरी, कसं सांगावं, टेबलावर ती एकटीच जेवत होती. पाहुण्यांची तोंडं तिला धड दिसतच नसत. ती माणसं ओळखायची ती बुटांच्या तळांवरून! बोलणंही एक वाक्य पुरं व्हायच्या आत संपायचं. एका पोराला तिनं विचारलं, "आई कशी आहे तुझी?" तो म्हणाला, "गुडघे फार दुखतात हो तिचे," आणि गेला की भुर्रकन! गुडघ्यांना लावायचं तेल तिनं मग त्याच्यामागून आलेल्या एका पैलवान गड्याला सांगून टाकलं. त्यानं बिचाऱ्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

"खाली या ना," ती प्रत्येकाला म्हणायची. "टेबल आहे, खुर्ची आहे. बसून खा."

"खाली यायचं असतं तर वर कशाला चढलो असतो, मावशी?" वरून हसू यायचं.

शेवटी तिनं ठरवलं. पाहुणे खाली येत नाहीत ना? मग आपण वर जायचं! एका तारेवर पाहुणा, शेजारच्या तारेवर आपण, मांडीवर डबे. एकदा तरी कोणाच्या तोंडाकडे बघून जेवायचं!

नेम मोडायला नको म्हणून तिनं वाटसरूचं ताट आधीच वाढून, झाकून ठेवलं, शेजारी मिठाची वाटी ठेवली आणि दोन डबे घेऊन कडा चढली.

"वेड लागलंय का, तांतीन?" देझिरे ओरडला. "वाळलेल्या ऑक्टोपसएवढं वजन तुझं! मधेच अडकशील!"

"अडकायलाच तर चाललेय!"

तिनं क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि निघाली. अगदी ठरल्याप्रमाणे, आपल्या टेबलाच्या डोक्यावर येऊन थांबली. मागून दुसऱ्या तारेवरून तिचा पाहुणा निघाला. पण आजचा पाहुणा होता मॉरिशसचा एक अगडबंब दुकानदार. त्यानं ब्रेक दाबला, जीव खाऊन दाबला! तरी तो तोफेच्या गोळ्यासारखा तिच्या शेजारून गेला. "येतो हो, मावशी!" एवढंच ऐकू आलं.

क्लेओनीस मांडीवर दोन डबे घेऊन एकटीच लोंबकळत राहिली. चर्चची घंटा झाली. तिनं लटकल्या लटकल्याच प्रार्थना म्हटली आणि डोळे उघडून खाली पाहिलं.

गवतातल्या पायवाटेनं एक म्हातारा येत होता! डोक्यावर गवती टोपी, हातात दोर. चुकलेली शेळी शोधत असावा. अंगणात येऊन त्यानं हाक मारली, "घरात कोणी आहे का?"

"आहे! आहे!" क्लेओनीस वरून किंचाळली. "बसा! जेवा! मी इथे आहे!"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. त्या तारेवरून कोणी ओरडलं तर वर बघायचं नसतं, हे आता बेटावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक झालं होतं.

"हे पर्यटक!" तो पुटपुटला. "खाण्याशिवाय काही सुचत नाही मेल्यांना."

त्यानं दार वाजवलं. स्वयंपाकघरात डोकावला. मग झाकलेल्या ताटापाशी घुटमळला, फडकं उचलून बघितलं, पुन्हा झाकलं. क्लेओनीस वरून पुटपुटली, 'बस रे बाबा. बस!' अखेर त्यानं टोपी ठीक केली, क्रूसाची खूण केली आणि बसला!

मग तिनंही आपला डबा उघडला. तो एक घास घेई, ती एक घास घेई. इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस तिच्या टेबलावर जेवत होता आणि तिला त्याची टोपी आणि हात, एवढंच दिसत होतं. गडबडीत राजम्याचा एक दाणा तिच्या हातून निसटला आणि टोपीवर पडला. म्हाताऱ्यानं टोपी झटकली आणि लिंबाच्या झाडाकडे रागानं बघितलं.

जेवून त्यानं ताट विसळलं, पालथं घातलं, फडक्याची नीट घडी केली. दोर उचलला. निघता निघता रिकाम्या घराकडे वळून काहीतरी म्हणाला. वाऱ्यानं ते तिच्यापर्यंत येऊ दिलं नाही.

पुष्कळ वेळानं देझिरे दोरानं सरकत तिच्यापाशी आला.

"काय मग, तांतीन! भागली हौस? कसं काय वाटलं?"

पायवाटेवरचं गवत आता पुन्हा उभं राहत होतं. क्लेओनीस तिकडेच बघत होती.

"मीठ कमी पडलं रे," ती म्हणाली. "दोनदा घेतलं त्यानं."