खोकल्याची बदली

गोजराबाईंचा खोकला सोमवारी अकरा वाजता बदलीचा अर्ज घेऊन आमच्या तालुका आरोग्य कार्यालयात आला. चपला दाराबाहेर काढून बाकड्यावर बसला. नंबर येईपर्यंत त्याने एकदाही आवाज केला नाही. हल्ली माणसांनाही एवढी रीत नसते.

गोजराबाई कुंभारडोहच्या आशाताई. गावाला लागूनच खडीचा क्रशर आहे. कुठल्या घरात कोण खोकतं, त्या दिवशी धूळ किती होती, हे सगळं बाई वहीत लिहितात आणि दर महिन्याला वही माझ्याकडे देतात. हवा, पाणी आणि आजार एकत्र दाखवणाऱ्या नव्या प्रणालीत ते भरायचं काम माझं. पण आमचे वैराळे साहेब म्हणतात, आकडा भरला की वरून पत्र येतं, पत्र आलं की उत्तर द्यावं लागतं. म्हणून मी 'निरंक' भरते. अकरा वर्षं भरतेय. आधी कागदावर भरायचे, आता संगणकावर. प्रगती म्हणतात ती हीच.

खोकल्याचं गाऱ्हाणं साधं होतं. तीन वर्षांत कुणाचीही बदली होते, तो मात्र अकरा वर्षं एकाच छातीत. बाईंना आता चार पायऱ्या चढवत नाहीत. आणखी महिनाभर राहिलो तर बाई राहायच्या नाहीत, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. माझ्या लेकीला पोलिओचा पहिला डोस बाईंनीच पाजला होता.

मी प्रणाली उघडली. कार्यमुक्त व्हायला आधी रुजू झालेलं असावं लागतं. कुंभारडोहपुढे अकरा वर्षं निरंक. जो आलाच नाही, तो जाणार कसा?

साहेबांच्या एसी केबिनमध्ये गेले. मागच्या तारखेने नोंद करायची तर कारणाच्या रकान्यात क्रशर लिहावा लागणार, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"खैरमोडे बाई, नसती ब्याद कशाला?" साहेब म्हणाले. "त्याला म्हणावं, आहे तिथे गुण्यागोविंदाने राहा."

पहिल्यांदाच मला त्यांचा मनापासून राग आला, आणि त्यांच्याहून जास्त माझा स्वतःचा. मी कपाटातून बाईंच्या सगळ्या वह्या काढल्या आणि खरं ते भरलं. संध्याकाळपर्यंत बोटं दुखली. प्रणालीने कार्यमुक्तीचा आदेश दिला आणि नव्या नेमणुकीसाठी जागा शोधली. वह्या भरल्यावर गावात मोकळी छाती उरलीच नव्हती; प्रणालीला एकच सापडली, एसी केबिनमधली.

खोकला मंगळवारी दहाच्या ठोक्याला रुजू झाला.

बुधवारी गोजराबाई वही द्यायला आल्या. जिना एका दमात चढून आल्या आणि वर चहाही मागितला.

पुढे वरून पत्र आलं. साहेबांनी खोकत खोकत उत्तर लिहिलं, क्रशरला नोटीसही काढली. मग पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "आता तरी जाल का?"

"तीन वर्षं काढावी लागतील, साहेब," खोकला म्हणाला. "नियम आहे."

साहेबांनी मान डोलावली. नियमाला त्यांनी कधीच नाही म्हटलेलं नाही.