पुढचे वशिंड

गुरुवारी सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी फोल्कमार टीडगेन्सने पातेल्यात डोकावून पाहिले, तेव्हा उंटाचे पुढचे वशिंड डावीकडे कलंडलेले होते. मागचे ताठ उभे होते. त्यामुळे पुढच्याचे पडणे जास्तच दिसत होते.

त्याने चिमट्याने उंट बाहेर काढला, टॉवेलवर ठेवला आणि खुर्चीवर बसला. गुडघे कापत होते. बायको यायच्या आत ते थांबावेत म्हणून त्याने दोन्ही हातांनी ते दाबून धरले.

गुंडुला कपड्यांची रिकामी टोपली घेऊन जिन्यावरून खाली आली.

"काय रे हे?"

"उंट."

"माझ्या पातेल्यात?"

"पाय वाकडा होता."

"आणि आता?"

"पाय सरळ झाला."

पाय खरोखरच वाकडा होता. पार्सलात दबून आलेल्या प्लास्टिकच्या प्राण्यांचे पाय वाकतात. मग जगातला प्रत्येक संग्राहक त्यांना गरम पाण्यात बुडवतो, बोटांनी सरळ करतो आणि गार पाण्याखाली धरतो. जो उंट उभा राहत नाही त्याची उंची मोजता येत नाही. फोल्कमारने पाणी उकळले, उंट आत ठेवला आणि दाराची घंटा वाजली. शेजारचे होल्टकाम्प कुंपणाच्या उंचीबद्दल बोलायला आले होते. फोल्कमारने छत्तीस वर्षे जमीनमोजणी खात्यात काढली होती, त्यामुळे कुंपणाच्या उंचीबद्दल थोडक्यात बोलणे त्याला जमत नव्हते.

सात मिनिटे.

पण जगातल्या प्रत्येक संग्राहकाला जे चालते ते फोल्कमारला चालत नव्हते. तो लाउटरहागेनच्या प्राणिसंग्राहक मंडळाचा तपासनीस होता. कंपनीचा नवा प्राणी बाजारात यायच्या तीन आठवडे आधी त्याचा नमुना मंडळाकडे येई. फोल्कमार तो मोजे, शनिवारी सभेत चर्चा होई, मतदान होई आणि 'प्रमाणबद्ध' असा शिक्का मिळाला की तो प्राण्याच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर छापला जाई. शिक्का नसलेले प्राणी फक्त मुले विकत घेत.

मंडळाची घटना, कलम ९. *नमुन्याला तपासनिसाच्या व्हर्निअर मोजपट्टीखेरीज कशाचाही स्पर्श होता कामा नये. झाल्यास तपासनिसाचे सभासदत्व त्याच क्षणी संपेल.*

हे कलम फोल्कमारनेच लिहिले होते. आधीचे तपासनीस ओलेनडॉर्फ यांनी स्वतःचे म्हणणे खरे करण्यासाठी गेंड्याचे शिंग कानशीने दीड मिलिमीटर घासले होते. ते उघडकीला आले तेव्हा लिहिले होते. ओलेनडॉर्फ आता उकडलेली अंडी ठेवायचे कप जमवतात. एकटेच. बेकरीत ते दिसले की लोक पावांकडे बघू लागतात.

दुपारपर्यंत फोल्कमारने वशिंड बोटाने उभे धरून पाहिले. बोट काढले की पडे. मग उंटाला फ्रीजरमध्ये गोठवलेल्या वाटाण्यांच्या दोन पिशव्यांमध्ये टेकवून ठेवले. तासाभराने काढला तेव्हा वशिंड डावीकडेच होते आणि आता दगडासारखे कडक झाले होते.

"एवढं काय त्यात," गुंडुला म्हणाली, "प्लास्टिकचं तर आहे."

"तुला काय वाटतं, का पडलं असेल?"

"उष्णतेनं," ती घाईघाईने म्हणाली. "उष्णतेनंच. दुसरं काय असणार?"

आणि तिने रात्रीच्या जेवणाला बटाट्याची धिरडी केली, वर सफरचंदाचा मुरंबा. हा बेत त्या घरात फक्त वाढदिवसाला होत असे. गुंडुलाला एवढी कीव यावी म्हणजे प्रकरण त्याला वाटले होते त्याहून वाईट होते.

मोजणीपत्रक:
*उंची, तळव्यापासून मागच्या वशिंडाच्या टोकापर्यंत: ११२ मिमी.*
*मान: बरोबर.*
*शेपूट: बरोबर.*
*पुढचे वशिंड, उंची:*

इथे शाईचा एक ठिपका आहे. पेन बराच वेळ एकाच जागी टेकलेले असावे.

सभेतले भाषण, पहिला खर्डा: *सभासदहो, माझ्या हातून*

दुसरा खर्डा: *सभासदहो, होल्टकाम्प नावाचे एक गृहस्थ*

तिसरा: *सभासदहो, प्लास्टिक या पदार्थाचा मूळ स्वभाव*

चौथा: *सभासदहो*

शनिवारी मंडळ खानावळीच्या मागच्या खोलीत जमले. भिंतीपलीकडे लाकडी चेंडूने सोंगट्या पाडायचा खेळ चालू होता आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी धाडकन कोसळत होते. फोल्कमार प्रत्येक वेळी दचकत होता. टेबलावर रुमालाखाली उंट होता.

त्यात एक भर पडली होती. टेबलाच्या टोकाला एक अनोळखी तरुणी बसली होती.

"या योरिंडे कासाऊ," अध्यक्षा ब्राकेलमानबाई म्हणाल्या. त्या निवृत्त पशुवैद्य होत्या आणि माणसांशीही त्याच आवाजात बोलत. "उंट यांनीच घडवलाय. यांचा पहिलाच प्राणी. कंपनीनं सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलंय, शिक्का मिळाला तर कायम. घाबरू नका हं, आम्ही चावत नाही."

कासाऊने हसायचा प्रयत्न केला. फोल्कमारने तिच्याकडे पाहिले नाही. ज्या बाईने ते वशिंड स्वतःच्या हाताने उभे केले होते तिच्याकडे पाहायची त्याची छाती नव्हती. तो उठला.

"सभासदहो," तो म्हणाला.

पलीकडे नऊच्या नऊ सोंगट्या पडल्या. टाळ्या झाल्या. तेवढ्यात ब्राकेलमानबाईंनी रुमाल उचलला.

कासाऊने उंटाकडे पाहिले, मग फोल्कमारकडे, मग पुन्हा उंटाकडे. तिचे तोंड थोडेसे उघडले. आता ही बोलणार, फोल्कमारला वाटले. शर्टाची कॉलर त्याला एका मापाने लहान झाली.

पण बोलला एगोन शिर्मबेक. तो पोस्टमन होता आणि त्याच्याकडे एकट्या उंटांचीच एकशे चाळीस खेळणी होती.

"शेवटी," तो अगदी हळू म्हणाला, "कुणीतरी धीर केला."

"कसला धीर?" ब्राकेलमानबाई.

"अहो बाई, वशिंड म्हणजे चरबी. हिवाळाभर खर्च झाली की रिकामं होतं नि लोळतं. मी मार्चमध्ये प्राणिसंग्रहालयात डोळ्यांनी पाहिलंय. तीस वर्षं ह्या कंपन्या आपल्याला शरदातला उंट विकतायत. हा वसंतातला आहे."

सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. भिंगे निघाली.

"पण पुढचंच का पडलं?" बाईंनी विचारले. "मागचं ताठ आहे."

"पुढचं आधी रिकामं होत असेल."

"'असेल' असं इतिवृत्तात लिहिता येत नाही, शिर्मबेक."

"मग मत घ्या."

मत घेतले. पुढचे आधी रिकामे होते, असे दहांनी ठरवले. फोल्कमार तटस्थ राहिला. त्याच्या छातीवरचा दगड किंचित हलला होता. आणखी पाच मिनिटे गप्प बसायचे. उंट डब्यात, डबा कंपनीत, आणि घरी जायचे.

"पण थांबा," एगोन म्हणाला. त्याच्या कपाळावर आठी होती. "वसंतातला असेल तर अंगावर एवढी दाट लोकर कशी? तेव्हा तर पुंजके गळत असतात."

"खरंय," कुणीतरी म्हणाले.

"बरगड्या दिसायला हव्यात."

"गुडघ्यावर हाड वर यायला हवं."

"तोंडही बघा ना," एगोन म्हणाला. "हिवाळाभर उपाशी राहिलेल्या जनावराच्या मानानं फारच समाधानी आहे."

*इतिवृत्त, मुद्दा ४. पुढचे वशिंड: उत्कृष्ट. लोकर: चुकीची. बरगड्या: अनुपस्थित. चेहरा: ऋतूशी विसंगत. एकूण प्राणी स्वतःच्या वशिंडाशी प्रामाणिक नाही. शिफारस: शिक्का नाकारावा.*

कासाऊ पांढरीफटक पडली होती.

"आठ हजार," ती म्हणाली. "आठ हजार डबे बंद झालेत."

"वाईट वाटतं हो," ब्राकेलमानबाई म्हणाल्या, "पण उंटाला वाईट वाटण्याशी काही देणंघेणं नसतं. मतदान. शिक्का नाकारावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात—"

हात वर जाऊ लागले. फोल्कमारला त्या क्षणी दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. एक म्हणजे बेकरी, आणि तिथे पावांकडे वळलेल्या माना. दुसरी म्हणजे त्या मुलीचे कपावरचे हात. ते कापत होते, आणि गुरुवारी सकाळी त्याचे गुडघे जसे कापत होते अगदी तसेच. मोजायची सवय असलेल्या माणसाला अशी साम्ये दिसतात. दिसली नसती तर बरे झाले असते.

तो उभा राहिला.

"उंट निर्दोष आहे. चूक माझी आहे. मी तो उकडला."

या वेळी पलीकडे काहीही कोसळले नाही. सगळ्यांना नीट ऐकू गेले.

"खाली बसा, टीडगेन्स," ब्राकेलमानबाई म्हणाल्या.

"कलम नऊप्रमाणे माझं सभासदत्व—"

"बसा म्हटलं ना."

"भला माणूस," एगोन सगळ्यांना म्हणाला. "पोरीची दया आली म्हणून अंगावर ओढून घेतोय. पण फोल्कमार, असं चालत नाही बाबा. नियम तूच लिहिलायस."

"मी खरंच उकडला. सात मिनिटं. घरी."

"एकोणीस वर्षं ओळखतो तुला. पाव कापताना पट्टी लावणारा माणूस तू. तू नमुना उकडशील?"

फोल्कमारने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. ते प्रेमाने हसत होते. तीन दिवस त्याने त्यांच्या रागाची भीती बाळगली होती. विश्वासाची भीती बाळगायला हवी हे त्याला सुचलेच नव्हते.

"माझ्याकडे दुसरा आहे," कासाऊ अचानक म्हणाली. तिने पिशवीतून बंद डबा काढला. "कारखान्यातला. भाचीसाठी घेतला होता. बघू या का उकडून?"

अकरा संग्राहक आणि एक मूर्तिकार खानावळीच्या स्वयंपाकघरात शिरले. मालकिणीने काही न विचारता सूपचे मोठे पातेले दिले. पाणी उकळले, उंट आत गेला, ब्राकेलमानबाईंनी घड्याळ हातात घेतले. फोल्कमार पातेल्यावर वाकला. तीन दिवस ज्या गोष्टीने त्याची झोप उडवली होती ती पुन्हा घडावी म्हणून आता तो आतून धावा करत होता. पड. पड रे.

तीन मिनिटे. वशिंड ताठ.

चार मिनिटे. ताठ.

पाचव्या मिनिटाला उंटाचे पुढचे गुडघे हळूच दुमडले. तो पुढे झुकला, जरा थांबला, मग मागचे पाय आत घेतले आणि पातेल्याच्या तळाशी शांतपणे बसला. दोन्ही वशिंडे सरळ होती.

"आधी पुढचे," ब्राकेलमानबाई पुटपुटल्या. "मग मागचे. चाळीस वर्षांत असा बसलेला पाहिला नाही."

एगोनने चष्म्यावरची वाफ पुसली. "मान बघा. बसताना मान कशी धरली."

दोघांनी टोप्या काढल्या.

*इतिवृत्त, मुद्दा ५ (स्वयंपाकघर). कारखान्यातील उंट: वशिंडे ताठ, लोकर दाट, म्हणजे शरदातला. चेहरा समाधानी: बरोबर. सांधे: निर्दोष. शिक्का द्यावा. बाजूने दहा, तटस्थ एक. श्री. टीडगेन्स यांचा उंट उकडल्याचा दावा प्रयोगाने खोटा ठरला. त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल आभार.*

"मग तो पहिला नमुना कसला?" ब्राकेलमानबाईंनी विचारले.

सगळे कासाऊकडे वळले. फोल्कमारने डोळे मिटले.

"तो," ती म्हणाली, "तो पुढच्या वर्षीचा. वसंतातला. चुकून पाठवला गेला. लोकर अजून करायची आहे."

"आम्ही ओळखलंच होतं," एगोन म्हणाला.

बाहेर गाड्यांपाशी ती फोल्कमारला गाठायला आली. काखेत पडक्या वशिंडाचा उंट, हातात वही. तिने मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणला.

"सात मिनिटं म्हणालात ना? आच कशी होती?"

"मध्यम," फोल्कमार म्हणाला.

तिने लिहून घेतले. "आता मला तो करावाच लागेल हो," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तपासायला तुमच्याकडेच येईल."

घरी गुंडुला ओट्यापाशी उभी होती. तिने दार वाजलेले ऐकले, पण वळली नाही.

"काढलं का मंडळातून?"

"नाही." त्याने बूट काढले. "सगळं सांगितलं, कुणी विश्वासच ठेवला नाही. दुसरा उंट उकडून पाहिला. वशिंड पडेचना. मग पहिल्याचं कसं पडलं, हे आता मलाही कळत नाही."

गुंडुला ओट्यावरचा एकच डाग बराच वेळ पुसत राहिली.

"मोठ्या भांड्यात उकडला?"

"सूपच्या."

"मग कसं पडेल," ती म्हणाली. "झाकण टेकायला नको?"

फोल्कमार मोजे हातात धरून तसाच थांबला.

"तू दारात बोलत होतास. पातेलं खदखदत होतं. मी न बघताच झाकण ठेवलं, ते बसेना, म्हणून वर काकड्यांची बरणी ठेवली. नंतर काटा टोचून बघायला उघडलं, तेव्हा..." तिने फडके पिळले, पुन्हा पसरले. "मला वाटलं, बटाटे आहेत."