पाठ दाखव

आमच्या भुईगावात इनासमामा भेटला की ‘काय, कसा आहेस?’ असं विचारायचा नाही. ‘पाठ दाखव,’ म्हणायचा.

आगाशीचा बाजार करून माणूस एसटीतून उतरतोय, दोन्ही हातांत पिशव्या, आणि समोर इनासमामा. "पाठ दाखव." माणूस मुकाट्यानं वळायचा. मामा त्याच्या मानेखाली अंगठा टेकवायचा आणि एकेक मणका दाबत कमरेपर्यंत उतरायचा. मग निकाल. "तिसऱ्या मजल्यावर गळती हाय. आठवडाभर केळीचा घड उचलू नको." एका लग्नात त्यानं भर मांडवात नवऱ्यामुलाची पाठ दाबली होती आणि वधूपित्याला मोठ्यानं सांगितलं होतं, "पोरगा चांगला हाय. फक्त खालचे दोन मनके हट्टी हायेत."

मराठीत पाठ दाखवणे म्हणजे पळ काढणे. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. वडील छापखान्यात, त्यामुळे मी मुळाक्षरंसुद्धा ‘कामगार बंधूंनो’ यातला ‘क’ गिरवून शिकलो. आणीबाणी नुकतीच उठलेली, आम्ही तरुण नुसते पेटलेले, आणि हा माणूस रोज चारचौघांत आम्हाला पाठ दाखवायला सांगतो! मी एकदा ठणकावून म्हणालो, "मामा, आम्ही पाठ दाखवणारे नाही."

"नको दाखवू," मामा म्हणाला. "पन तू वाकून लिहितोस. चाळिशीत कुबड येनार. मग छाप पत्रक त्याच्यावर."

तेव्हापासून माझं नावच ‘पत्रक’ पडलं.

इनासमामाचं दुसरं वेड रग्बी. बरीच वर्षं तो मुंबईत एका जिमखान्यात नोकरीला होता. खेळाडूंचे बूट पुसायचे, पाणी न्यायचं, टॉवेल वाळत घालायचे. तिथं साहेब लोक रग्बी खेळत. गावी परतताना त्यानं सोबत एक जुना, लांबोडका चेंडू आणला आणि आम्हा पंधरा-वीस पोरांना गोळा केलं. काही बागायतदारांची मुलं, काही पाचूबंदरची कोळ्यांची. चेंडूला गावानं लगेच ‘पपई’ नाव दिलं आणि आम्ही झालो पपईवाले.

देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या मैदानात मामानं आमच्याकडून दोन उंच बांबू रोवून घेतले आणि मध्ये एक आडवा बांधायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका विचारायला लागल्या, "कुनाचं लगीन?" त्या दिवसापासून आमच्या गोलाचं नाव मांडव. चेंडू लाथेनं आडव्या बांबूवरून पलीकडे टाकायचा, म्हणजे ‘मांडवावरून काढायचा’. आणि आम्ही सगळे डोकी खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून स्क्रम करायला लागलो की शेजारची कतरीनकाकी धावत यायची. "काय हरवलं रे? आंगठी का?" आणि स्वतःही वाकून शोधायला लागायची.

खेळाचा एकच नियम मामानं पहिल्या दिवशी आमच्या डोक्यात ठोकला. चेंडू हातात घेऊन पळायचं पुढे, पण द्यायचा मागे. पुढच्याला देणं हा गुन्हा. "म्हंजे काय, की पळताना मागं आपला मानूस पायजेच. मागं कोनी नसंल तर तुम्ही मेलात." मला हे फार आवडलं. मागच्याला देत देत पुढे जायचं! याहून समाजवाद वेगळा काय असतो? मी त्यावर एक पत्रकही लिहिलं. मामानं त्यात बोंबील गुंडाळले.

संघाचं भवितव्य तो माणसांत मोजत नसे, पाठींत मोजत असे. रविवारची मिस्सा सुटल्यावर लोक विचारत, "काय इनास, टीम कशी यंदा?" मामा गंभीरपणे म्हणायचा, "पाठी बऱ्या हायेत. दोन-तीन संशयित. जुजेची पाठ गेली, त्यानं होडी ओढली."

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. इनासमामा वाकत नसे. कधीच नाही. हातातून काही पडलं तर ते पडलेलंच राहायचं, किंवा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "उचल." खुर्चीत बसला तर फळीसारखा ताठ. मिस्सेत सगळा गाव गुडघे टेकायचा आणि हा मागच्या खांबाजवळ सरळ उभा. म्हाताऱ्या म्हणत, साहेबांत राहून माजलाय. मला मात्र तो भयंकर आवडायचा. न झुकणारा माणूस! देवापुढे नाही, धन्यापुढे नाही. आपल्यातलाच, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

त्याची स्वतःची मॅच एकच. साहेबांच्या एका संघात एक गडी कमी पडला, तेव्हा त्यांनी बूट पुसणाऱ्या इनासला जर्सी चढवून उभा केला. हा किस्सा त्यानं आम्हाला असंख्य वेळा सांगितला. "पपई माझ्या हातात आली. मी सुटलो. एकाला चुकवला, दुसऱ्याला चुकवला. समोर लाईन दिसतेय. तीन दांडगे अंगावर आले. मी मागं बघितलं..."

"आणि?"

"आनि काय? चला, पाठ दाखवा."

दर वेळी तो तिथंच थांबायचा. आम्हाला वाटायचं, पुढचं साफ विसरला असेल.

आता रॉनीबद्दल. रॉनी एकोणीस वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याच्या उजव्या पायात काय होतं ते देव जाणे. मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून तो पपई मांडवावरून काढायचा. चेंडू उडाला की सगळे गप्प व्हायचे. कतरीनकाकीसुद्धा अंगठी शोधायची थांबायची. मामा त्याच्याकडे बघून नुसता म्हणायचा, "हां." त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

पण रॉनीच्या बागेतली विहीर त्या वर्षी खारी झाली. पानवेल जळायला लागली. बाप थकलेला. रॉनी लांबच्या विहिरीवरून कावडीनं पाणी आणून वेल जगवत होता, सकाळ-संध्याकाळ. अशात बातमी आली की मुंबईचा एक संघ सहल म्हणून आमच्याशी खेळायला येणार आहे, आणि त्यांच्यासोबत एका कंपनीचा माणूस. कंपनीला रग्बीची टीम उभी करायची होती. चांगली लाथ मारणारा मिळाला तर थेट नोकरी.

माझी भूमिका मी लगेच जाहीर केली. "हा बैलबाजार आहे! दात बघायचे, पाय बघायचे आणि माणूस विकत घ्यायचा!"

रॉनी म्हणाला, "पत्रक, तुझ्या घरची विहीर गोडी आहे."

 

मॅचच्या आदल्या संध्याकाळी मामानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. शर्ट काढा. पाठ दाखवा. अंगठा एकेकाच्या पाठीवरून उतरत होता. रॉनी सगळ्यांत शेवटी. आणि त्याच्या अंगाला सुक्या बोंबलाचा असा वास येत होता की शेजारचे दोघं बाजूला सरकले.

मामानं अंगठा ठेवला नाही. नुसतं हुंगलं.

"बोंबलाला बाम कोनी लावला?"

आम्ही खो खो हसलो. रॉनी हसला नाही. बामाचा वास मारायला तो दुपारभर पाचूबंदरला वाळत टाकलेल्या बोंबलांच्या वळणीखाली बसून आला होता. मामानं अंगठा टेकवला. कमरेच्या वर चार बोटं पोचला आणि रॉनीच्या तोंडून ‘आई’ निघालं. 

"उद्या बसायचं," मामा म्हणाला.

"मामा, उद्या कंपनीचा माणूस येतोय."

"येऊ दे. चहा पाजू त्याला."

"काही होत नाही मला. कावडीनं धरलीय पाठ. मोकळी होईल."

"ती तुटंल. बसायचं."

"दुसऱ्यांदा येणार आहे तो?" रॉनीचा आवाज चढला. तो असा बोललेला आम्ही कधी ऐकला नव्हता. "बाप खाटेवर, वेल जळालेली. आणि तुम्ही सांगता बस! तुम्हाला काय? अख्ख्या जन्मात एक मॅच खेळलात, ती पण बूट पुसता पुसता. तुमच्या मागं ना बाय ना पोर. मागं आहे कोण तुमच्या?"

 मी मध्ये पडलो. "रॉनी, एखाद्या कंपनीसाठी माणसानं आपली पाठ..."

"तू गप रे, पत्रक," दोघंही एकदमच म्हणाले.

मामानं आडव्या बांबूकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर हाय. कोनी नाय." आणि ताठ पाठीनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रॉनी बाकावर बसला. शर्टाच्या आत आईचं लुगडं घट्ट गुंडाळून आला होता. शेजारी मामा उभा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. खुर्चीत कंपनीचा माणूस, काळा चष्मा, शहाळं पीत. त्याला आम्ही आधीच सांगितलं होतं की आमचा खरा लाथ मारणारा आज बसलाय. तो दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होता.

आम्ही कसे खेळलो ते विचारू नका. मी हुकर होतो, म्हणजे स्क्रमच्या पोटात. मला आकाश फारसं दिसलंच नाही. पण शेवटी शेवटी आम्ही फक्त दोन गुणांनी मागे होतो. आणि तेवढ्यात रॉनीच्या जागी लाथ मारणाऱ्या आमच्या सायमनच्या खांद्यावर एक दांडगा येऊन आदळला. शिट्टी झाली. आम्हाला पेनल्टी. मांडवावरून काढली तर तीन गुण. आणि सायमन खांदा धरून बाहेर.

सगळे बाकाकडे बघायला लागले. कंपनीच्या माणसानं शहाळं खाली ठेवलं.

रॉनी उठला.

"पाठ दाखव," मामा म्हणाला. आवाज अगदी हळू होता. मला वाटतं, ती विनवणी होती.

रॉनी वळला. एक क्षण मामासमोर त्याची पाठ होती. मामाचा अंगठा उचलला गेला. आणि रॉनी तसाच, पाठ दाखवत, मैदानात चालत गेला.

मामानं त्याला हाक मारली नाही. मात्र तोही निघाला. रेषा ओलांडून आत गेला, रॉनीच्या मागे काही पावलांवर जाऊन उभा राहिला. पंचानं हात हलवून बाहेर जायला सांगितलं. मामा हलला नाही. मुंबईचे खेळाडू हसले.

रॉनीनं टाचेनं खळगा केला, पपई उभी केली. वाकताना त्याला वेळ लागला. मागे सरकला. धावला. लाथेचा आवाज कानात बसला, स्वच्छ, सुका नारळ फुटावा तसा. आणि रॉनी तिथंच बसला, मग आडवा झाला.

चेंडू मांडवावरून गेला की बाजूनं, यावर गावात आजही एकमत नाही. आमच्यापैकी एकानंही तिकडे पाहिलं नव्हतं.

"हलवू नका!" मामा ओरडला. तो त्याच्या पायांशी उभा होता. "रॉनी. पायाचा आंगठा हलव."

रॉनीनं डोळे मिटून घेतले होते. काहीच हललं नाही.

"घाई नाय. हलव बाबा."

सगळं मैदान एका बुटाकडे बघत होतं. मी खाली बसलो, बूट काढला, मोजा काढला. मातीनं भरलेला अंगठा. तो थरथरला. मग नीट हलला. दुसरा पायही काढला. तोही हलला.

"हां," मामा म्हणाला.

कंपनीचा माणूस माझ्याजवळ आला. "छान लाथ आहे. बरा झाला की कळवा," म्हणाला आणि गाडीकडे गेला. मी त्याला काय म्हणालो ते इथं छापण्यासारखं नाही. ते पत्रकातही छापता आलं नसतं.

दवाखाना पापडीला. टेम्पो आमच्या गल्लीत शिरत नसे, तो मोठ्या रस्त्यावर उभा केला. पोरांनी मांडव मोडला. दोन उभे बांबू उपटले, फादरच्या घरून जाड चादर आणली, गाठी मारल्या आणि रॉनीला अलगद वर घेतलं.

"पुढं मी," मामा म्हणाला.

"मामा, आम्ही आहोत ना."

"पुढं मी."

पण तो वाकला नाही. नुसता उभा राहिला, दोन्ही हात खाली सोडून. पोरांनी बांबूंची टोकं त्याच्या मुठींपर्यंत उचलून दिली. मागची टोकं मी धरली. आम्ही निघालो.

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना बागांची कुंपणं. माझ्यासमोर रॉनीचं डोकं आणि त्यापलीकडे इनासमामाची पाठ. इतकी वर्षं त्यानं सगळ्या गावाची पाठ पाहिली. त्याची मात्र मी पहिल्यांदाच बघत होतो. घामानं शर्ट चिकटला होता. आत कातडी पट्टा दिसत होता, रुंद, कमरेपासून पार काखेपर्यंत, बकलांनी आवळलेला, जुना, घामानं काळा पडलेला. तो माणूस झुकत नव्हता असं नाही. त्याला झुकता येत नव्हतं.

"मामा," रॉनी पडल्या पडल्या म्हणाला, "काल मी बोललो ते..."

"बोलू नको. पोट हलतं." थोडं चालून मामाच बोलायला लागला, समोर बघत, धापा टाकत. "मी मागं बघितलं ना त्या दिवशी. पपई द्यायला. तर सगळे कडेच्या लाईनीवर उभे. आमच्याच टीमचे. टाळ्या वाजवत होते. पोऱ्या किती पळतो ते बघत." त्यानं बांबूंवरच्या मुठी घट्ट केल्या. "मग ते तिघं आले अंगावर."

रॉनीनं हात वर करून डोळ्यांवर घेतला.

गल्लीच्या वळणावर उतार लागतो. तिथं पुढच्या माणसावर सगळा भार येतो. मामाचे खांदे थरथरायला लागले. तो थांबला. मान वळवून मागे बघायचा त्यानं प्रयत्न केला, पण पट्टा त्याला वळू देईना.

"मागं कोन हाय रे?" त्यानं विचारलं.

"मी आहे, मामा."

"कोन, पत्रक?"

"हो."

"सोडनार नाय ना?"

"नाही."

"हां," इनासमामा म्हणाला, आणि त्यानं उतारावर पाऊल टाकलं.