बदामाचा वास

शर्टाला रोज बदामाचा वास येतो, म्हणजे आपला नवरा चोरून केक खातो, असा बायकोला दाट संशय होता. डॉक्टरांनी गोड बंद करून दोन महिने झाले होते. पण नवरा पडला रसायनशास्त्रज्ञ. त्याला थापा मारायला विषय कधीच कमी पडत नसे.

"अगं, ती आमची नवी पावडर," त्याने गंभीर चेहऱ्याने समजावले. ही पावडर म्हणजे धातूची अतिसूक्ष्म जाळी. तिच्या भोकांत बेंझिल अल्कोहोल शिरते, तिथे हवेतला ऑक्सिजन त्याला गाठतो आणि बदामाच्या वासाचे बेंझाल्डिहाइड तयार होते. पूर्वी याच कामाला विषारी क्रोमियम लागायचे, आता निसर्गाला काडीचाही त्रास नाही. बायकोने सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती थेट प्रयोगशाळेत त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी हसून स्वागत केले. तिनेही त्यांचे अभिनंदन केले. तुमची पावडर फारच छान चालते, तीन आठवडे आमच्या घरभर वास आहे, म्हणाली.

मॅडमचे हसू मावळले. त्यांच्यासमोरच्या नोंदवहीत तीन आठवडे त्या पावडरीपुढे नुसती शून्ये होती, म्हणजे काहीच तयार झाले नव्हते, आणि तीही नवऱ्याच्याच अक्षरात. प्रयोग जमला आणि दुसऱ्या कुणाला द्यायला याने तो दडवून ठेवला, असे त्यांच्या मनाने घेतले.

"उद्यापासून येऊ नका," त्या त्याला म्हणाल्या.

नोकरी वाचवायची तर खरे बोलायला हवे, आणि खरे बोलायचे तर बायको पुढ्यातच उभी. "मॅडम, मी केक खातो," तो मान खाली घालून म्हणाला. "कोपऱ्यावरच्या बेकरीत. रोज दोन."

मॅडमचा विश्वास बसेना. त्यांनी त्याचा रुमाल यंत्रात तपासायला लावला, तर कागदावर बेंझाल्डिहाइडच उमटले. केकच्या इसेन्समध्येही तेच असते हो, असे तो काकुळतीने सांगू लागला, तशा त्या जास्तच सावध झाल्या.

शेवटी बायको पुढे झाली. तिने पर्समधून रक्तातली साखर मोजायचे यंत्र काढले. खरे तर ती त्याला रंगेहाथ पकडायलाच आली होती.

"बोट द्या."

लग्न झाल्यापासून इतक्या आनंदाने त्याने तिच्या हातात हात दिला नव्हता. आकडा आला तीनशे बारा. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि त्याची मनापासून माफी मागितली.

बायकोने यंत्र पर्समध्ये ठेवले. "नोकरी वाचली तुमची," ती शांतपणे म्हणाली. "आता संध्याकाळी वेळेवर घरी या."

ती जिना उतरून गेल्याची त्याने खात्री केली. मग मॅडमकडे वळून त्याने हळूच विचारले, "आज जादा काम काही आहे का?"