चांदीवाला डबा

फ्रिजमधली डबी रिकामी पाहून सुनेने ती उलटीपालटी करून पाहिली. त्या डबीत सासऱ्यांचा सकाळचा ऐवज होता.

सून जंतूंची संशोधक. टूथपेस्ट, मोजे, डबे अशा कशाकशात हल्ली चांदीचे अतिसूक्ष्म कण घालतात. ते पोटात गेले तर आतड्यातल्या गुणी जंतूंचं काय होतं, हा तिचा विषय. त्यासाठी चांदीचं वारंही न लागलेलं एक पोट हवं होतं, म्हणून सासरे तीन महिने नुसत्या मिठाने दात घासत होते आणि गल्लीभर तसं सांगत होते. आज अकरापर्यंत नमुना प्रयोगशाळेत पोचला नाही, तर तिचं अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

"बाबा, डबीतलं कुठे गेलं?"

"हलवलं. झाकण सैल होतं तुझ्या डबीचं," सासरे म्हणाले. शीतगृह सांभाळण्यात उभा जन्म गेलेला माणूस. सैल झाकणाखाली माल त्यांना बघवत नसे. "माझ्या नव्या डब्यात ठेवलंय. चांदीवाल्या. नव्याण्णव टक्के जंतू मरतात त्यात."

सून ओरडलीच. "अहो बाबा, मला जंतूच हवे होते!"

सासऱ्यांचा चेहरा पडला. "एवढंच ना? दुसरं देतो," म्हणत त्यांनी संडासाकडे कूच केलं.

पण मागणी आली की माल काढायला पोट म्हणजे काही शीतगृह नव्हे. सासूबाईंनी दोन केळी दिली, तांब्याभर गरम पाणी पाजलं, शेवटी दारावर थापा मारल्या.

"अहो, पोरीच्या करिअरचा प्रश्न आहे!"

"माहितीये! तुम्ही दोघी दाराशी पहारा द्याल, तर व्हायचं तेही होणार नाही!"

पावणेअकराला ते हात हलवत बाहेर आले. डोळ्यांत पाणी होतं. ते जोर लावल्याचं की अपराधाचं, हे सुनेला विचारवेना. आता जे उरलंय तेच न्यावं लागणार होतं. चांदीवाला डबा उचलून ती धावत सुटली.

तिसऱ्या दिवशी ती उड्या मारतच घरात शिरली. "बाबा, सगळे जिवंत! इतके धष्टपुष्ट जंतू आमच्या सरांनीसुद्धा पाहिले नव्हते! डबाही तपासला. चांदीचा कण नाही त्यात!"

सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सासरे मात्र लालबुंद झाले. "म्हणजे मला फसवलं?"

डबा आणि अहवाल काखोटीला मारून ते तडक दुकानात गेले.

"काका, जंतू मरत नाहीत कशावरून म्हणता?" डबा उघडून नाकाशी नेत दुकानदार म्हणाला.

सासऱ्यांनी अहवाल पुढे केला. कसला नमुना, ते पहिल्याच ओळीत होतं. दुकानदाराने डबा टाकला आणि दोन पावलं मागे सरकला. "पैसे परत घ्या, काका. डबाही घेऊन जा."

"अहो, घाबरता काय?" सासरे छाती फुगवून म्हणाले. "सगळे निरोगी आहेत."